अण्णांचा पेपर वाचणारा आवाज

आमच्या अण्णांच्या कॉम्प्युटरची सीडी ड्राइव्ह आईनं दसऱ्याला मारली. पूजा करताना तिचा हात बटणाला लागला, ट्रे बाहेर आला, आणि यंत्रानं हात पुढे केलाय असं समजून तिनं त्यावर हळदकुंकू वाहून वर साखर ठेवली. ट्रे नैवेद्यासकट आत गेला, तो पुन्हा बाहेर आलाच नाही. त्यावर आम्ही कितीतरी वर्षं हसलो. यंदा मात्र ते माझ्या अंगाशी आलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. दृष्टी गेल्यापासून हा कॉम्प्युटर त्यांना पडद्यावरचं मराठी वाचून दाखवायचा. आवाज रुक्ष, पण अण्णा कळा दाबून हवी ती बातमी स्वतः शोधत. मग सिस्टीम इतकी जुनी झाली की पेपरची साइटच उघडेना, आणि आई त्यांना पेपर वाचून दाखवायला लागली. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं अण्णांना फार जड जात होतं. फोनवर एकच प्रश्न, "कधी येतेस?"

मी संगमनेरला कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. शनिवारी राहुरीला घरी पोचले. सीडी ड्राइव्ह मेलेली, आणि पेनड्राइव्हवरून सुरू होणं त्या म्हाताऱ्या मशीनला जमत नव्हतं, म्हणून माझ्या लॅपटॉपला वायर जोडून तिच्यातून नवी सिस्टीम उतरवायचं ठरवलं. तयारी करून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

"राहू दे की बंद," आई हळूच म्हणाली.

तिनं नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड सांगितलं. अण्णांचे श्रीरामपूरचे मित्र, ज्यांच्याबरोबर त्यांनी सगळी नोकरी एका शाळेत काढली, ते गेले होते. पेपरातली बातमी आईनं गाळली होती. आलेले फोनही तिनंच घेतले होते.

"त्यांच्या काळजाला न्हाई सोसायचं. डॉक्टर काय म्हनले, ठाऊक हाय ना तुला? तुझं यंत्र समदं वाचतं, त्याला काय कळतंय?"

मला संताप आला. आंधळ्या माणसाला त्याच्या मित्राचं मरण सांगायचं नाही, हा कुठला न्याय? आणि लगेच भीतीही वाटली, कारण अण्णांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्यात होते. वायर जरा सैल ठेवली असती तरी काम फसलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

"काय म्हणतंय?" अण्णांनी बाहेरून विचारलं. सिस्टीम उतरेपर्यंत कॉम्प्युटर मुका असतो, त्यामुळे ते दर थोड्या वेळानं तेच विचारत होते. "जे असेल ते सांग, बरं का. मला फसवू नकोस."

मी वायर घट्ट बसवली.

लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काम रेटलं. दुपारी आई दळण घेऊन गिरणीत गेली, तेव्हा आवाज परत आला. अण्णांचा चेहरा उजळला. माझा हात बाजूला सारून त्यांनी स्वतः पेपर उघडला आणि आपल्या जिल्ह्याचं पान काढलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. आवाजानं कांद्याचे भाव वाचले आणि त्याच चालीत मित्राचं नाव वाचलं, पुढे "यांचा दशक्रिया विधी".

अण्णांचं बोट कळेवर थांबलं. त्यांनी चाचपडत हेडफोन शोधला, कानाला लावला आणि तीच ओळ पुन्हा ऐकली. मी त्यांचा हात धरला.

"तुझ्या आईला ठाऊक असेल," हेडफोन काढून ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

"एकटीनंच वागवलं तिनं हे ओझं." त्यांनी डोळे पुसले. "तिला सांग, अजून जमलं नाही म्हणून. पेपर तिलाच वाचू दे."

आई परत आली. पिठाचा डबा ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "झालं का गं?"

"न्हाई झालं," मी म्हणाले आणि पडदा बंद केला. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, आणि मी तिच्या हातातून डबा घेतला.

संध्याकाळी तिनं चष्मा लावून पेपर घेतला. जिल्ह्याच्या पानावर त्या मित्राच्या नावाशी ती अडली. पुढे काय वाचावं, तिला सुचेना.

"कांदा काय म्हणतो?" अण्णांनी विचारलं, आणि ती घाईघाईनं भाव वाचायला लागली.