पोळ्याच्या दिवशी गाडी जुंपली

“थांबव! थांबव म्हनतो ना! पोयाच्या दिवशी जुंपलं त्या जनावराले, आता जीव घेतं काय त्याचा?”

हे माझे बाबा, मागच्या सीटवरून. जनावर म्हणजे आमची जुनी पांढरी कार. आर्णीच्या पुढच्या चढावर ती रांगत होती आणि बॉनेटखालून असा आवाज येत होता, जणू आत चार लोहार एकाच खिळ्यावरून भांडताहेत. टक टक टक टक! मी ॲक्सिलरेटर पार तळाला लावला, तर वेग आणखी कमी झाला. (विज्ञानात हे बसत नाही, पण आमच्या घरातलं काहीच विज्ञानात बसत नाही.) एक म्हातारी शेळ्या घेऊन आम्हाला मागे टाकून वर गेली. शेळ्यांनी वळून पाहिलं.

दिवस हसण्याचा नव्हता. दुपारी फोन आला होता. उमरखेडजवळच्या गावी माझी आत्या गेली. बाबांची एकुलती एक बहीण. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं पातळ माहेरचं लागतं. भावानं आणायचं, ते घालूनच तिला उचलायची. बाबांनी घाटंजीच्या कापडवाल्याला सणाच्या जेवणावरून उठवून हिरवं पातळ घेतलं आणि ते मांडीवर धरून बसले. आतेभावानं फोनवर बजावलं होतं, “मामाले लवकर आना. दिवस बुडाच्या आत उचला लागते, लोकं थांबनार नाही.”

आता जनावराचं सांगतो. शेवटची बैलजोडी विकली, तरी बाबांचा पोळा सुटेना. गोठ्यात बैलांच्या जागी कार उभी राहते, म्हणून पोळ्याचा मानही तिलाच! त्या सकाळी मी तिला आंघोळ घातली, गेरूचे पंजे मारले, आरशांना गोंडे बांधले, आणि बैलाची जाड, भिंगांची झूल बॉनेटवर टाकून समोरून थेट नंबरप्लेटपर्यंत सोडली. वाऱ्यानं उडू नये म्हणून पक्कडीनं तारा पिळून अशी बांधली, की भूकंपात गाव जाईल, झूल जाणार नाही! दुपारी तो फोन आला आणि आम्ही तसेच निघालो. मी, बाबा आणि माझी बायको सुनंदा.

तर त्या चढावर मी गाडी थांबवली. “पेट्रोल हलकं हाय,” मी जाहीर केलं. (इंजिन दुरुस्तीचे व्हिडिओ मी जेवताना पाहतो. भाजी कोणती होती ते आठवत नाही, पण पिस्टन आठवतो.) बॉनेट उघडलं. झूल त्यालाच बांधलेली, तीही पदरासारखी वर गेली. मागच्या फाट्यावरच्या किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल आणलं, ओतलं, बॉनेट लावलं, चावी फिरवली, आणि लोहार गप्प!

“पाह्यलं?” मी छाती फुगवली. “नाडी समजा लागते नाडी!”

माझी छाती फुगलेलीच होती, तोवर लोहार परतले. येताना चार पाहुणे घेऊन आले.

“आता काय झालं?” सुनंदा.

“प्लग काळे पडले.”

पुन्हा बॉनेट वर, झूल वर. सुनंदाच्या केसांतली पिन घेतली, काडेपेटीचा खरबरीत कागद घेतला आणि प्लग असे घासले, की त्यात भांग पाडता आला असता. गाडी सुरू, आवाज बंद, दम परत! मी विजयी मुद्रेनं गिअर टाकला. जरा पुढं जातो न जातो, पुन्हा टक टक टक. आता तर सायकलवालाही घंटी वाजवून वाट मागू लागला.

“टायमिंगचा घोळ हाय,” मी तिसऱ्यांदा बॉनेट उघडत म्हणालो.

“कोनाच्या? तुमच्या?” सुनंदा.

एवढ्यात बाबा खाली उतरले. त्यांना उपाशीपोटी गोळी चालत नाही, म्हणून सुनंदानं सकाळच्या पुरणपोळ्या डब्यात टाकल्या होत्या. त्यातली एक त्यांनी उघड्या बॉनेटखाली बॅटरीवर ठेवली आणि हात जोडले.

“माफ कर बापा. आज तुह्या आरामाचा दिवस. पन माही बहीन वाट पाहून राह्यली.”

मागून आलेला ट्रकवाला थांबला. त्यानं झूल पाहिली, पुरणपोळी पाहिली, म्हातारा पाहिला. काही न विचारता त्यानंही हात जोडले आणि निघून गेला.

बाबा बराच वेळ तसेच उभे होते. त्यांना ‘चला’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. नंतर गाडी जी पळाली! पेट्रोलनं नाही, प्लगनं नाही, तेवढी पुरणपोळीनं पळाली. विज्ञानवादी मी गुपचूप स्टिअरिंगवरच हात जोडले.

आत्याच्या गावच्या फाट्यावर मात्र तिनं पुन्हा मान टाकली. उन्हं तिरपी झाली होती. आतेभावाला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता.

“अहो,” सुनंदा हळूच म्हणाली, “मयतीच्या दारात अशी सजवून नेता काय? काढा ते.”

खरंच होतं. मी पक्कड घेऊन तारांना भिडलो. बोट कापलं, तार सुटेना. सकाळी कुण्या गाढवानं एवढी पिळली होती! शेवटी झूल ओढून काढली, तर समोरच्या जाळीतून वीटभट्टीसारखी धग तोंडावर आली. बसलो, चावी लावली. हळूहळू निघालो, आणि वारा लागला तसे ठोके विरत गेले. मग ती सुटलेल्या गोऱ्ह्यासारखी चढ चढून गेली. मला कळलं होतं. भर उन्हात मी इंजिनाला गोधडी पांघरून पळवत होतो, आणि बॉनेट उघडून थंड केलं की स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत होतो.

गावापलीकडे, नाल्याजवळ धूर दिसला.

आतेभाऊ पुढं आला. “मामा, लय थांबलो. उन्हंच नाही राह्यली.”

बाबांनी मान हलवली आणि पातळ पुढं केलं. कोणीतरी लांब बांबू दिला. आतेभावानं त्याच्या टोकावर पातळ घेऊन ते जाळावर ठेवलं. क्षणभर ते हिरवंगार राहिलं, मग आक्रसलं. बाबांचे हात तसेच पुढं राहिले होते.

नाल्यावर आंघोळ करून आम्ही परत निघालो. गाडी लोण्यासारखी चालत होती. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

“बाबा, झुलीनं जाळी बुजली होती, हवाच नोती. इंजिन तापलं, म्हनून ठोके, म्हनून दम गेला. पेट्रोलचा दोष नोता का प्लगचा नोता. आता पाहा ना, कशी पयते!”

बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

“आता कायले पयते?”