नवसाचे पाच मासे

माझं माहेर प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वरच्या अंगाला. तिथे देवळाखाली एक डोह आहे. त्यातले मासे देवाचे, म्हणून कुणी जाळं टाकत नाही. लहानपणी पायरीवर बसून चपातीचे तुकडे टाकले की तांबूस खवल्यांच्या खडश्या अंगाला अंग घासत वर यायच्या आणि बोटांना ओठ लावून जायच्या. डोहाची राखण गावातले एक म्हातारे भोई करतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. खडशी, कानस, मरळ, वाम ही नावं ते घरच्या माणसांसारखी घ्यायचे. दोन्ही हातांची बोटं संपली तरी त्यांची नावं संपायची नाहीत.

गावात एक नवस चालायचा. घरातलं आजारी माणूस बरं झालं की डोहात पाच मासे सोडायचे, पण ते याच नदीचे हवेत. आबा ते खालच्या वाहत्या पाण्यात धरायचे आणि घागरीत घालून डोहाकडे धावत सुटायचे. हे मासे नाजूक, जरा उशीर झाला की घागरीतच उलटे व्हायचे. त्यांची ती पळापळ बघून आम्ही पोरं हसायचो.

तीन वर्षांपूर्वी माझी सात वर्षांची लेक न्यूमोनियाने नगरच्या दवाखान्यात होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी तिथल्या बाकावर बसून मी पाच मासे बोलले.

पोरगी घरी आली. नवस फेडायचा म्हणून आबांना फोन केला, तर म्हणाले, नदी आटली आहे, पाऊस होऊन पाणी वाहू लागलं की धरून देतो, देवाला घाई नसते. देवाला नसेल, मला होती. त्यातच एप्रिलमध्ये तिला परत कणकण आली. साधी सर्दी असावी, पण माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, थांबू या थोडं. मी त्याच्यावर खेकसले आणि स्कूटर काढून तडक बाजारात गेले.

जिवंत मासे एकाच टबात होते. काळे, गुळगुळीत, मिशीवाले मांगूर. पाणी अगदी वीतभर, तरी वळवळत होते.

"पान्याभाईर ठिवला तरी मरत न्हाई, ताई," विकणारा म्हणाला. "वरची हवा घेतो. लई चिवट जात हाय."

वरची हवा घेतो म्हटल्यावर मला तो मास्क आठवला. असाच चिवट श्वास माझ्या लेकीला लाभू दे, असं मनात म्हणून मी पाच मासे घेतले. नगरमधल्या सावेडीतल्या आमच्या घरून माहेरापर्यंत लेकीला शेजारी घेऊन गाडीत बादली पायांमध्ये धरून बसले. एकही मेला नाही, हा मला शुभशकुन वाटला. आबा त्यांच्या मुलीच्या गावी गेले होते. लेकीने आपल्या हातांनी एकेक मासा पाण्यात सोडला. संध्याकाळी तिचा ताप उतरला.

दुसऱ्या वर्षी भावाचा फोन आला की डोहात कुणीतरी मांगूर सोडलाय आणि आबा घरोघर विचारत फिरतायत. मग मी वाचून काढलं. हा मासा परदेशी, त्याच्यावर सरकारची बंदी आहे, आणि तो दुसऱ्यांची पिल्लं, अंडी, काहीच सोडत नाही. भावाला मी काही बोलले नाही. तेव्हापासून फळ्यावर अन्नसाखळीचे बाण काढताना माझा हात थबकतो. भांडी घासताना तुंबलेल्या सिंकमध्ये बुडबुडा आला तरी मी हात मागे घेते. दोन वर्षं मी माहेरी जायचं टाळलं.

यंदा भावाच्या घराची वास्तुशांत होती, जावंच लागलं. लेक चपाती घेऊन डोहाकडे पळाली. पायरीवर आबा बसले होते, खूप वाळलेले. ते माझ्याशी नेहमीच्या मायेने बोलले.

"धरनानं नदी आटवली, वाळूवाल्यांनी उकरून नेली," ते म्हणाले. "म्हनून हितं तेवढं माशांचं बी राखलं हुतं. आता खडशी न्हाई का कानस न्हाई. कुनी केलं, तेवढं कळलं पायजे."

लेकीने तुकडा टाकला. पाणी हललं आणि रुंद, चपटी, काळी डोकी वर आली. मिश्या पायरीला घासल्या.

"आई, बघ ना, माझे मासे किती मोठे झाले," ती आनंदाने म्हणाली. मग आबांकडे वळून तिने सगळं सांगितलं. ती आजारी होती, आईने नवस केला होता, तिने स्वतः पाच मासे सोडले होते.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"मीच, आबा," मी म्हणाले.

मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"आता दम लागतो का गं, बाळ?"

"नाही. मी शाळेत पळायच्या शर्यतीत असते."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि राहिलेली चपाती मोडून त्यांनी तिच्या ओंजळीत दिली. ती तुकडे टाकत राहिली आणि ती काळी तोंडं वर येत राहिली.