पंजे कापलेले ससाणे

भूतबित म्हटलं की आमचे बाबा आधी घरातलं वायरिंग तपासायचे. मीही त्यांचीच मुलगी. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही…

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांचा जीव शिकारी पक्ष्यांच्या जुन्या चित्रांत — इंग्रजांच्या काळात छापलेली, हाताने रंगवलेली. ससाणा, शिक्रा, मोरघार. दर रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात उकिडवं बसून जमवलेली.

त्यांचे मित्र भसीन अंकल पानिपतचे पडदे एक्सपोर्ट करून एकदम वर आले होते. "मेरा फ्रेमवाला बढ़िया है, यार," म्हणत चित्रं घेऊन गेले. ती पुन्हा दिसली थेट गुडगावला, त्यांच्या नव्या कोठीच्या गृहप्रवेशाला — त्यांच्याच ड्रॉइंगरूमच्या भिंतीवर! पडद्यांना मॅचिंग सोनेरी रेडीमेड फ्रेम, सगळ्या एका मापाच्या. चित्रं मोठी पडली म्हणून खालून सरळ कापलेली. एकाही पक्ष्याला पंजे नव्हते.

"दोस्ती में क्या तेरा-मेरा!" अंकल हसले. बाबा पडले भिडस्त, तोंडदेखलं हसून निघाले. पण त्यानंतर त्यांचं कशातच लक्ष लागेना, जेवणातही नाही. रविवारी बाहेर पडणंही बंद झालं. माझं मात्र डोकं फिरलं होतं. या माणसाचं वाटोळं होऊ दे, असं मी अगदी मनापासून म्हटलं.

थोड्याच दिवसांत भसीन आंटींचा रडत फोन. भरदुपारी त्या भिंतीखालच्या सोफ्यावर डुलकी लागली की अंकलच्या खांद्यांवर खोल ओरखडे उठतात. एसी चालू, खिडक्या बंद, घरात मांजरसुद्धा नाही. डॉक्टरांनी म्हणे विचारलं, "कोई बाज़ पाल रखा है क्या?" आईने देवाला हात जोडले. मला — लपवत नाही — जिवाला गार वाटलं.

मग एका सकाळी अंकल स्वतःच आले. मानेपर्यंत पट्ट्या. चित्रं फ्रेमसकट टेबलावर ठेवली.

"ले लो, भाई। माफ़ कर दो।"

बाबांनी ससाण्याचं चित्र उचललं, काचेवरून कापलेल्या कडेपाशी बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतात. ते शांतपणे म्हणाले, "पंजे तुम्हारे घर रह गए हैं, भसीन। परिंदे भी वहीं रखो।"

अंकल गयावया करत राहिले. आईसुद्धा म्हणाली, "अहो, घ्या ना परत!" बाबांनी एकेक चित्र खाली नेऊन, जपून, त्यांच्या गाडीत ठेवलं.

ते ओरखडे कशाचे, हे डॉक्टरांना कळलं नाही, मलाही आजवर नाही. बाबांना विचारायची हिंमत झाली नाही. गाडी वळेपर्यंत ते गेटवर उभे होते. मग वर आले आणि आईला म्हणाले, "भूक लागलीय गं, वाढ."