शिव्यांवर पान्हवणारी म्हस

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा आमच्या घरात माणसं होती सात आणि खोली होती दीड. दीड म्हणजे एक बरी खोली आणि एक चुलीचा कोपरा, मधे सासूबाईंचं जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलेलं. नवऱ्याशी एक वाक्य बोलायचं तर बंबाला जळण घालायच्या निमित्तानं परड्यात जावं लागायचं, आणि तिथंही धाकटा दीर दात घासत उभा. शिरोळकडच्या मळ्यात वाढलेली बाई मी. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ऐकू जाईल असं बोलायची सवय. इथं कुजबुजून कुजबुजून माझा घसा बसला.

म्हणून साहेबांच्या घराचं काम आलं तेव्हा मी यांना विचार करायला सवडच दिली नाही. साहेब म्हणजे दरबारच्या शिकारखान्यातले जुने अधिकारी. संस्थान विलीन झालं, शिकारखाना बंद झाला, आणि तिथली नको झालेली जनावरं साहेबांनी रंकाळ्याकडच्या आपल्या घरी आणून पाळली. आमचे हे शाळेत मास्तर; साहेबांच्या नातवाला यांनी गणित शिकवलं होतं, तेवढीच ओळख. साहेब आणि वैनीसाहेब काशीयात्रेला निघाले होते. ते येईपर्यंत आम्ही दोघांनी तिथं राहायचं, घर राखायचं आणि जनावरं सांभाळायची.

निघताना वैनीसाहेब मला म्हणाल्या, "पोरी, परड्याकडच्या दोन खोल्या रिकाम्या हायत. समदं नीट सांभाळलंस तर तुमास्नी भाड्यानं दीन. पर माझी म्हस आटली, तर मला तोंड दावू नगंस."

दोन खोल्या! दोन खोल्यांसाठी मी वाघसुद्धा सांभाळला असता.

वाघ नव्हता, बाकी सगळं होतं. टकरीचा एक म्हातारा एडका होता. त्याच्यापुढं कुणी वाकलं की त्याला वाटायचं, लागली टक्कर. पहिल्याच दिवशी हे धोतराचा सोगा सावरायला वाकले आणि कण्हेरीच्या झाडात जाऊन पडले. एक चितळाची मादी होती, ती वाळत घातलेलं काहीही खायची. यांचा शाळेत जायचा एकुलता एक कोट तिनं बाहीपर्यंत खाल्ला, आणि वर इतक्या गरीब डोळ्यांनी बघितलं की यांनी तिलाच कुरवाळलं. शिकारी कुत्रा होता, तो शिट्टी वाजवल्याशिवाय ताटलीला तोंड लावत नव्हता. हे म्हणाले, "मी शिक्षक आहे. मी शिट्टी वाजवणार नाही." मग काय, कुत्र्याला उपाशी मारायचं? डोक्यावरचा पदर सावरून, दोन बोटं तोंडात घालून, मीच मारली. कुत्रा जेवला. समोरच्या बाईंनी मात्र खिडकी लावून घेतली.

म्हशीची मला काडीची काळजी नव्हती. म्हशीतच वाढले मी. पहाटे चरवी घेऊन बसले, कास धुतली, पाठीवरून हात फिरवला, "माझी गुणाची गं ती," असं म्हणत गोंजारलं. म्हस रवंथ करत राहिली. एक थेंब नाही. संध्याकाळी सरकीची पेंड वाढवली, गूळ चारला. पेंड खाल्ली, गूळ खाल्ला, दुधाच्या नावानं बोंब. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हस अशीच अडून राहिली की आटते, आणि ती आटली की माझ्या दोन खोल्या गेल्या. मी गोठ्यातच बसून रडले.

शेजारच्या तालमीतला एक पैलवान रोज पहाटे तांब्या घेऊन यायचा. धार थेट तांब्यात घ्यायची आणि तिथंच उभ्यानं प्यायची, ही त्याची पद्धत. दोन्ही दिवस तो रिकामा तांब्या घेऊन परत गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"वैनी, रागावू नगा," तो म्हणाला, "पर तुमी तिला शिव्या का घालत न्हाय?"

"शिव्या?"

"व्हय की! वैनीसाब तिच्या सात पिढ्या काढत्यात तवा कुठं ती पान्हवती. आमची आख्खी गल्ली त्याच शिव्यांवर जागी हुती."

आता बघा, वैनीसाहेबांनी मला सगळं सांगितलं होतं. वैरण किती, पाणी कधी, माशा बसू नयेत म्हणून धूर कशाचा. पण शिव्यांचं सांगितलं नाही, कारण आपण शिव्या देतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांचं ते साधं बोलणंच होतं.

यांनी आधी प्रयत्न केला. "बेअक्कल! निष्काळजी! बाकावर उभी राहा!" म्हशीनं वळून बघितलं आणि शेण टाकलं. पैलवान तोंडावर उपरणं धरून हसला. मग मी पदर खोचला आणि म्हटलं, "अगं टवळे, दोन दिस फुकटचं गिळतीयास, लाज वाटती का? मुडदा बशिवला तुझा!" म्हशीनं कान हलवले, एक मोठा सुस्कारा टाकला आणि चरवी फेसानं भरली. किती महिन्यांनी मी पोटातून आवाज काढला होता! म्हशीइतकंच मलाही मोकळं वाटलं.

सगळं सुरळीत चाललं, आणि साहेबांचं यायचं जवळ आलं असताना मला हिवतापानं गाठलं. कोयनेलच्या गोळ्यांनी तोंड कडू, अंगात उभं राहायचं त्राण नाही. हे धावत जाऊन आपल्या आईला घेऊन आले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे; त्यांचा आवाज कधी कुणी ऐकलेला नव्हता. दुधाला तोंड घालणाऱ्या मांजरालासुद्धा त्या "जा बाळ" म्हणायच्या. मला वाटलं, संपलं सगळं. गोठ्याकडच्या खिडकीत अंथरूण होतं, तिथून मी बघत होते. यांनी एडक्याची शिंगं धरून ठेवली होती. पैलवान तांब्या घेऊन उभा होता.

"काय गं," सासूबाई म्हशीला म्हणाल्या, "आम्ही ताटकळत उभं ऱ्हायचं का?"

म्हस ढिम्म.

"तुला बोलतीय मी." मग जरा चढून, "ऐकू येतंय का, भवाने?"

आणि मग बाई सुटल्या. "येवढा मोठा गोठा तुला एकटीला! पाय ताणून पसरतीस, कुणी ऊठ म्हणत न्हाई! मी सोळा वर्षांची त्या चुलीपाशी आले गं सटवे, आणि अजून तिथंच हाय! पंगती तिथंच वाढल्या, बाळंतपणं तिथंच झाली, त्या लुगड्याच्या आड! जरा पाठ टेकावी, तर आई पाणी, आई टोपी, आई धोतर! हाक मारायची कधी थांबलात का रे मेल्यांनो? आणि तू, येवढी जागा घेऊन बसलीस आणि वर धार चोरतीस?"

दूध असं सुटलं की चरवीबाहेर उडायला लागलं. यांनी एडक्याची शिंगं सोडली होती, आणि तो एडकाही कुणाला धडकायचं विसरून उभा होता. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "पैलवान, घ्या. निवेल."

मला बरं वाटलं तरी त्या रोज पहाटे धार काढायला येत राहिल्या. मीही नको म्हटलं नाही.

साहेब आणि वैनीसाहेब आले. वैनीसाहेबांनी आमच्याशी बोलायच्या आधी म्हशीची कास बघितली आणि मला म्हणाल्या, "आटली न्हाय की गं. खोल्या तुमच्या." बाहेरच्या खोलीत यांचं टेबल, आतल्या खोलीत आमचं अंथरूण, हे माझं केव्हाच ठरलं होतं. आमची ट्रंक सासूबाईंनीच भरली, लोणच्याची बरणी फडक्यात बांधून दिली. स्वतःसाठी चकार शब्द काढला नाही. मला असा राग आला! त्यांचा, यांचा आणि सगळ्यांत जास्त माझा.

"आतली खोली आत्याबाईंची," मी यांना सांगितलं. "दुपारची कामं आटपली की त्या इथं येतील."

"आणि आपण?"

"आपण बाहेरच्या खोलीत."

"अगं, पण तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. आता गप बसा की!"

सासूबाईंनी बरेच आढेवेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. चहाची वेळ झाली, दार उघडेना. हे हाक मारायला निघाले, मी त्यांचा हात धरून मागं ओढलं. दिवेलागणीला त्या बाहेर आल्या. लुगड्याला एक चुणीसुद्धा पडलेली नव्हती.

"झोप लागली का, आत्याबाई?" मी विचारलं.

"न्हाई गं."

"मग काय करत होता इतका वेळ?"

"काही न्हाई. नुसती बसले होते. कुणी हाक मारतंय का बघत होते," त्या म्हणाल्या. "कुणीच मारली न्हाई."