कुरुळीच्या अहवालाखालची सही

श्री. अरविंद लिमकर सरांची आणि माझी पहिली भेट चाकणच्या एका टॉवरखाली झाली. हिंजवडीच्या गारेगार ऑफिसातून बदली होऊन मी नुकताच त्यांच्या हाताखाली आलो होतो. नेटवर्कचं सारं शास्त्र आपल्या लॅपटॉपमध्ये आहे, अशी माझी ठाम समजूत होती. सरांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वॉचमनना विचारलं, "मामा, खोलीत आत फोन लागतो का?" मामा म्हणाले, "दारात हुभं ऱ्हायलं तर लागतो." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मोबाइल नेटवर्कच्या, नुसता आवाज पोहोचवणाऱ्या दुसऱ्या पिढीपासून कारखान्यातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पाचव्या पिढीपर्यंत या पट्ट्यातल्या प्रत्येक टप्प्याला सरांचा हात लागला आहे. आज साठीतही ते सहाव्या पिढीचा अभ्यास करणाऱ्या तरुण अभियंत्यांना शिकवतात. हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबरोबर आपल्या मंडळींत आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की चाकणजवळच्या कुरुळीचं जुनं, दुसऱ्या पिढीचं नेटवर्क लिमकरांनी घाईनं बंद केलं आणि म्हणून त्यांचं विभागप्रमुखपद हुकलं. ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी सांगण्यासाठी सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकात मी हा लेख लिहीत आहे.

चौथ्या पिढीच्या नेटवर्कला रेडिओलहरींची जागा हवी होती, आणि ती जुनं नेटवर्क बंद करूनच मिळणार होती. कुरुळीलगतच्या कारखान्यांजवळ जुन्या नेटवर्कवर किती बटणांचे फोन चालू आहेत, ते एक दिवस फिरून मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी गुरुवार निवडला. रस्त्यावर ट्रक नव्हते, कंपन्यांच्या बस नव्हत्या, दुपारच्या आत काम उरकलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. असे फोन जवळजवळ सापडलेच नाहीत. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते, हे शनिवार-रविवारची सवय असलेल्या माझ्या डोक्यातच आलं नाही. कॅमेऱ्याचा फोन कंपनीच्या गेटमधून आत नेऊ देत नाहीत, म्हणून कामगार कामावर साधा फोन नेतात. त्या दिवशी ते सगळे फोन घरी बंद करून ठेवलेले होते. मोजणीचा वार मी अहवालात लिहिलाच नाही. सरांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली.

नेटवर्क बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी सुनंदाताई ऑफिसात आल्या. त्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होत्या. "सायेब, पोरगी शाळंत चक्कर येऊन पडली. शाळंनं धा येळा फोन लावला, मला एक बी आला न्हाई. शिफ्ट सुटल्यावर कळलं. तवर शेजारणीनं दवाखान्यात न्हेली व्हती." मुलगी आता बरी होती. सर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून माफी मागितली. मग मला हळूच विचारलं, "पाटील, मोजणी कोणत्या वारी केलीत?" मी सांगितलं. सरांनी लगेच फोन उचलला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी जुनं नेटवर्क पुन्हा चालू करून घेतलं. चौकशी लागली, तेव्हा माझी पाळी येण्याआधीच त्यांनी लिहून दिलं होतं, "सही माझी आहे, जबाबदारीही माझीच." मी आत जाऊन खरं सांगतो म्हटलं, तर म्हणाले, "तुमची नोकरी अजून कच्ची आहे. माझं काय जायचंय?" जे जायचं ते गेलं, विभागप्रमुखपद हुकलं. नोकरीच्या भीतीनं मी गप्प बसलो, आणि नोकरी पक्की झाल्यावरही गप्पच राहिलो. याची मला लाज वाटते. सर मात्र पुढे बरीच वर्षं कुरुळीला गेले की सुनंदाताईंच्या मुलीची चौकशी करून येत.

हे सगळं लिहिणार असल्याचं मी गेल्या आठवड्यात त्यांना सांगितलं. "जुनं कशाला उकरताय? कामाबद्दल चार शब्द लिहा आणि सोडून द्या," असं ते म्हणाले. सर, आपला शब्द मी आजवर मोडला नाही, हा एवढा मोडतो आहे.

आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यातला एखादा दिवस माझ्यावर रागावण्यासाठी राखून ठेवा. इतकी वर्षं तो राग माझ्या वाट्याला यायचा राहून गेला आहे.