वाचून दाखवल्याशिवाय छापत नाही

राजारामपुरीच्या एका गल्लीत, दातांचा दवाखाना आणि मोबाईलचं दुकान यांच्या मधोमध, 'मोट प्रकाशन' अशी पाटी आहे. पाटी दिसते, दुकान दिसत नाही, कारण पुस्तकांचे गठ्ठे पार दारापर्यंत आलेत. त्या गठ्ठ्यांच्या पलीकडे शिवप्रसादअण्णा बसतात. वय साठीला टेकलेलं, कपाळाला भस्म, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवाज असा की आत कोण कुणाला झापतंय ते गल्लीच्या तोंडाला कळावं. कुणी कवितांची वही घेऊन आलं तर अण्णा त्याला चहा पाजणार आणि म्हणणार, "पावणं, कविता न्हाय आपल्याकडं. हितं फकस्त अभ्यासाचं छापतो आमी." अभ्यासाचं म्हणजे इतिहास, समाजशास्त्र, गावांचे बाजार, जत्रा, जमिनींचे तंटे. ज्याला गिऱ्हाईक नाही ते सगळं, असं त्यांची लेक म्हणते.

पण अण्णांचा एक रिवाज होता, आणि त्याच्यामुळं त्यांचं नाव होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका गावच्या जत्रेवर पुस्तक छापलं. प्राध्यापकानं लिहिलेलं, तळटिपा बिटिपा, सगळं झकास. फक्त पालखीचा पहिला मान ज्या घराण्याचा, ते सोडून दुसऱ्याच घराण्याचा लिहिलेला. झालं! गावानं अण्णांना बोलावून नेलं, देवळापुढं बसवलं आणि जो काही उद्धार केला तो अण्णा अजून शब्दाशब्दानं सांगतात. सगळी पुस्तकं परत आणावी लागली. त्या दिवसापासून अण्णांनी कानाला खडा लावला. पुस्तक ज्यांच्यावर आहे त्यांना आधी वाचून दाखवायचं, मग छापायचं. हस्तलिखित पिशवीत घालून अण्णा एसटीनं जायचे, चावडीत नाहीतर समाजमंदिरात माणसं गोळा करायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे. माणसं अडवायची, भांडायची, "ह्ये कुणी सांगितलं तुमाला?" म्हणायची. अण्णा तिथल्या तिथं लाल पेनानं काट मारायचे. आणि मोटच्या प्रत्येक पुस्तकात दुसऱ्या पानावर एक ओळ असायची: 'हे पुस्तक ज्यांच्याविषयी आहे, त्यांना वाचून दाखवून मगच छापले आहे.'

ही ओळ बघून विद्यापीठातली माणसं हसायची. हसू देत. पण मोटचं पुस्तक म्हटल्यावर त्यातलं खरं, असं गावागावांत मानलं जायचं, आणि अण्णांना त्याचाच काय तो माज होता.

माजानं पोट भरत नाही. पूर्वी जून उजाडला की कॉलेजांच्या ग्रंथालयांच्या ऑर्डरी यायच्या. एखादं पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं की दोन वर्षं बघायला नको. आता ग्रंथालयांचा निधी संगणकांकडं वळला, अभ्यासक्रम घटकेत बदलतो, आणि पोरं मोबाईलवर पानांचे फोटो काढून आख्खं पुस्तक एकमेकांना पाठवतात. एका बहाद्दरानं तर दुकानात उभं राहून, अण्णांच्या डोळ्यांदेखत फोटो काढले आणि जाताना "छान पुस्तक आहे काका" म्हणून पाठ थोपटून गेला. आता बोला! गडमुडशिंगीत भाड्याचं गोडाऊन होतं, तेही सोडावं लागलं, म्हणून तर गठ्ठे दारापर्यंत आले.

लेक दानेश्वरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नियोजनाचं काम बघते. घर तिच्याच पगारावर चालतं, आणि हे अण्णांनाही ठाऊक आहे, तिलाही. एका रविवारी तिनं गठ्ठ्यांवरच बैठक मारली.

"अप्पा, तुमचा धंदाच उलटा हाय. तुम्ही आधी छापता आणि मग गिऱ्हाईक हुडकता. आधी गिऱ्हाईक हुडका, मग छापा."

"पुस्तकाचं गिऱ्हाईक आधी कुठनं मिळतंय?"

"लिहिणाराच गिऱ्हाईक. प्राध्यापकांना बढतीसाठी पुस्तक लागतंय. खर्च त्यांचा, छपाई आपली. मागतील तेवढ्याच प्रती काढायच्या. गठ्ठा न्हाय, गोडाऊन न्हाय."

"आणि वाचणार कोण गं ते?"

"आत्ताचं तरी कोण वाचतंय, अप्पा?"

तोंडात मारल्यासारखं झालं अण्णांना. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर्षभर बघू, नाही जमलं तर दुकान बंद करू, असं बापलेकीचं ठरलं.

पहिलं गिऱ्हाईक तालेवार मिळालं. प्रा. धैर्यशील. कॉलेजात विभागप्रमुख, अभ्यास मंडळावर वजन, बोलणं लोण्यासारखं. आजऱ्याच्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांवर त्यांचा प्रबंध होता. सर म्हणाले, "माझं हे छापा, पाठोपाठ आमच्या मंडळींचे प्रबंध तुमच्याकडेच लावतो. शिवाय तुमचं ते जुनं बाजारांवरचं पुस्तक आहे ना, ते अभ्यासक्रमाला लावायचं माझ्याकडं लागलं." दानेश्वरीनं बापाकडं बघितलं. अण्णांनी मान डोलावली.

"फक्त एक, सर. आजऱ्याला एकदा वाचून यायला लागंल."

"अहो शिवप्रसाद, माझी मुलाखत तोंडावर आलीय! माझ्या विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन बायकांशी बोलून माहिती आणलीय. आणखी काय वाचायचं त्यांना?"

अण्णा गप्प बसले. का गप्प बसले? तर अडला हरी. भांडकुदळ माणूस, तीस वर्षं लेखकांशी भांडत आला, आणि नेमकं त्या दिवशी त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. पुस्तक वाचनाशिवाय छापलं गेलं.

आणि गंमत बघा, ते पुस्तक खपलं! आजऱ्याहून एका कारखानदाराचा फोन आला, आख्खा टेम्पो भरून प्रती पाहिजेत म्हणाला. अण्णांना आधी कुणी चेष्टा करतंय असं वाटलं. खरंच गाडी आली तेव्हा त्यांनी शेजारच्या दवाखान्यात, मोबाईलच्या दुकानात, सगळीकडं पेढे वाटले. लेकीला फोन लावला. "दाने, कारखानदार बी पुस्तक वाचाय लागलेत बघ! मी म्हनत न्हवतो?" मोटच्या आख्ख्या हयातीत एका दमात एवढं पुस्तक गेलं नव्हतं. नवी आवृत्ती काढायला धैर्यशीलसरही खुशीनं तयार झाले.

पेढे पचायच्या आत चिमणाबाई आली.

चिमणाबाईला अण्णा चांगलं ओळखत. आजऱ्याकडच्या धरणग्रस्तांवरचं पुस्तक ते तिच्या गावात वाचत होते, तेव्हा ही बाई मागून उठली होती. "राजीखुशीनं जमिनी दिल्या म्हनून कुणी सांगितलं? तेवढं खोडा आदी!" अण्णांनी आख्खं पान खोडलं होतं आणि जेवायला तिच्याच घरी गेले होते. आता ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. टरफलातल्या काळ्या तेलानं तिच्या बोटांची कातडी जागोजागी सोललेली. ती दुकानात आली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

"अण्णा, माझं काय चुकलंतं?"

"काय झालं, बाई?"

"तुमच्या पुस्तकात माझं नाव हाय. 'हातमोजे मिळतात, असे चिमणाबाई यांनी सांगितले.'"

"मग, तू सांगितलं न्हवतंस?"

"सांगितलंतं की! मिळत्यात म्हनले, तपासनीला सायेब आला की. त्यो गेला की काडून घेत्यात. त्या पोरांनी निम्मंच लिवलं."

चिमणाबाई बोलतच राहिली. सगळ्या बायका मिळून मालकाकडं गेल्या होत्या, हातमोजे द्या, हाताला लावायला मलम द्या, म्हणून. मालकानं काय केलं? पुस्तक पुढं टाकलं. तुमचीच बाई म्हणतेय मिळतात, मग मागता काय? जो साहेब येतो त्याला आता तो एक पुस्तक भेट देतो. टेम्पो कशाला लागला होता, ते अण्णांना आत्ता कळलं.

"पन अण्णा, मी पोरांना निम्मं का लिवू दिलं, ठाऊक हाय? ती निम्मंच लिवत्यात ह्ये मला दिसलंतं. घाईत हुती. म्या म्हनले, कोन छापनार? तर म्हनली, मोट. म्हनले, मग काय भ्या न्हाय. अण्णा वाचाय येतील की. तवा सांगू, तवा खोडतील." तिनं सोललेली बोटं पदरात गुंडाळली. "मी वाट बघत हुते वो तुमची."

अण्णांनी खुर्ची पुन्हा तिच्याकडं सरकवली, पण ती उभीच राहिली.

"त्येवढ्यावर बी भागलं न्हाय. मालकानं दुसरं पान उघडून ती ओळ वाचून दावली समद्यास्नी. वाचून दाखवून मगच छापलंय म्हनून. आता बाया म्हनत्यात, चिमणी मालकाला फितूर झाली. तिला वाचून दावलंतं, तिनं कबूल केलं, तवाच छापलं. कुनी माझ्याशी बोलत न्हाय. डबा एकलीच खाते."

अण्णांनी प्रत उघडली. दुसरं पान. ओळ जागच्या जागी होती. नव्या पुस्तकाची जुळणी जुन्या पुस्तकाच्याच फायलीवर केलेली, नाव बदललं, साल बदललं, ओळ तशीच राहिली. इतकी वर्षं डोळ्यांत बसलेली ओळ, छापण्याआधी बघितली तरी ती कुणाला खटकली नाही.

संध्याकाळी दानेश्वरी आली. सगळं ऐकून खाली बसली. "अप्पा, ओळ माझ्यामुळं राहिली. जुळणी मी केलती."

"राहिली तुझ्यामुळं. खोटी झाली माझ्यामुळं."

"मग आता पुढच्या पुस्तकांतनं ती काढून टाकू. वाचन न्हाय, ओळ न्हाय. कुणाची फसवणूक न्हाय. धंदा तरी राहील." तिनं थांबून बापाच्या तोंडाकडं बघितलं. "चुकीचं बोलले का मी?"

चुकीचं नव्हतं, हाच तर घोळ होता. ओळ काढली की मोट जगणार होतं, चार प्रकाशनांसारखं पाचवं होऊन. अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पुढचं पुढं बघू गं. ती बाई डबा एकटी खाती, त्याचं काय करायचं?"

त्यांनी धैर्यशीलसरांना फोन लावला. पुस्तक मागं घेतोय, चूक जाहीर करतोय, म्हणाले. बोलण्यातलं लोणी क्षणात संपलं. "वाक्य खोटं आहे का? ती म्हणाली नाही का, मिळतात म्हणून?"

"म्हनाली की. निम्मं म्हनाली ते तुमी लिवलं, उरलेलं निम्मं कुठाय?"

"शिवप्रसाद, माझी बढती अडकली तर तुमचं एक पुस्तक कुठं लागणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. आमचे प्रबंधही विसरा."

"विसरलो," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र भिंतीला टेकून बसले. वर्षभर बघू म्हणाले होते, सहा महिन्यांतच निकाल लागला. दानेश्वरीनं गठ्ठ्यांकडं नजर टाकली आणि रद्दीवाला कधी बोलवायचा, ते विचारलं नाही. "उद्या रजा टाकते," एवढंच म्हणाली. "तुमच्यासंगं येते."

आजऱ्याकडं चिमणाबाईच्या गावच्या समाजमंदिरात बायका जमल्या, पण तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवून. अण्णा उभे राहिले. ह्याच आवाजानं त्यांनी किती गावं हलवली होती, आज त्यांनी पुस्तक न उघडता हात जोडले.

"बायानू, चिमणाबाईला आमी काय बी वाचून दावलं न्हाय. कुणालाच दावलं न्हाय. ती ओळ खोटी हाय, आनी ती मी छापलीय. ह्या बाईचा ह्यात काडीचा दोष न्हाय. ह्येच मी लिवून देतो, आनी तुमच्यासंगं मालकाच्या दारात येऊन तोंडानं बी सांगतो."

मग पुढं बसलेली एक म्हातारी मागं वळली. "आगं चिमणे, मग मालकानं ओळ वाचली त्याच दिशी का बोलली न्हाईस?"

"बोलले हुते की, मावशी," चिमणाबाई म्हणाली. "पन तुमीच म्हनला, मोटच्या पुस्तकात खोटं नसतंय."

म्हातारीनं मान खाली घातली. अण्णांना तिथून निघून जावं असं वाटलं. तीस वर्षं गावोगाव एसटीनं हिंडून त्यांनी जे कमावलं होतं, ते असं ह्या बाईच्या विरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं. दानेश्वरीनं पिशवीतून लाल पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

मग दोघी-तिघी उठल्या, आणि चिमणाबाईच्या बाजूला सरकून बसल्या.

"वाचा आता," चिमणाबाई म्हणाली. "पयल्या पानापास्नं. उशीर झाला तर होऊ दे."

अण्णांनी पुस्तक उघडलं. पहिली काट दुसऱ्या पानावर मारली, आणि वाचायला लागले.