शोध लावला की लागला

“अगं, तुझ्या पायाची बोटं काय कुणी कापून नेणार आहे?” बाळाजींनी बायकोला पुन्हा विचारलं.

शैला मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. लेकीनं, आभानं, पुण्याहून आणलेला संमतीचा कागद टेबलावर तसाच पडला होता.

शैलाच्या दोन्ही पायांची दोन-दोन बोटं जन्मापासून पडद्यानं जोडलेली. दाखवण्याच्या कार्यक्रमात ती पाय निऱ्यांखाली ओढून बसली होती. लग्नानंतर सासूबाईंना दिसलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ही खोट आधी सांगायला हवी होती.” तेव्हापासून ऐन वैशाखातही तिच्या पायांत मोजे असत. पोटातल्या बाळाची बोटं आधी चिकटलेलीच असतात, मधल्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि बोटं सुटी होतात, हे तिला आभानंच समजावलं होतं. अभ्यासासाठी म्हणून शैलानं रक्तही आनंदानं दिलं. त्या रक्तावरून आभाच्या प्रयोगशाळेला पेशींना मरायला लावणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक सापडलं, आणि आता प्रयोगशाळेला पैसे पुरवणाऱ्या कंपनीला त्या जनुकाचं पेटंट हवं होतं; त्यासाठी शैलाची सही लागणार होती.

“अंबडच्या कारखान्यात मी पत्र्याचे भाग कापायच्या इतक्या डाय बनवल्या,” बाळाजी म्हणाले, “सगळ्या कंपनीच्या नावावर गेल्या. मी रुसलो का?”

“त्या तुम्ही घडवल्या होत्या.”

“आई, हा शोध मी लावलाय,” आभा हळू आवाजात म्हणाली. “अर्जावर माझं नाव आहे. पहिल्यांदाच.”

“लावलास, की लागला?”

“वकील म्हणतात, लावला.”

“वकिलाला माझे पाय दाखवलेस का?”

बाळाजींना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं.

“उद्या तुला मूल झालं,” शैला म्हणाली, “त्याची बोटं अशीच निघाली आणि हे जनुक तपासायचं म्हटलं, तर त्या कंपनीला विचारावं लागेल?”

आभानं कागदाकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. “लागू शकतं.”

शैलानं मेथीच्या काड्या गोळा केल्या, हात झटकले. मग वाकून दोन्ही मोजे काढले आणि खुर्चीच्या पाठीवर टाकले.

“मी सही करणार नाही. अभ्यासाला रक्त लागलं तर केव्हाही ये. सापडलं ते सगळ्यांसाठी छाप, वर तुझं नाव घाल. पेटंट नाही. आणि अहो, मोजे मी आजपासून घालणार नाही. स्कूटर पुसायला घ्या.”